मार्वलच्या महागोष्टीत शाप हरवले कुठे?

तिस्कावरचा मामा (धागाकर्ता)

जूनमध्ये बहीण भाच्याला फोंड्याला आमच्याकडे सोडून गेली. "शनिवार-रविवार तुझ्याकडे राहील, मोबाइल तेवढा देऊ नकोस." मोबाइल दिला नाही, टीव्ही दिला. बाहेर मिरगाचा पाऊस, घरात आम्ही दोघे आणि भाजलेले काजू. मार्वलच्या सुपरहिरोंच्या सिनेमांना २००८ च्या आयर्न मॅनपासून सुरुवात केली आणि चतुर्थीची माटोळी बांधायची वेळ आली तेव्हा २०१९ च्या 'फार फ्रॉम होम'पर्यंतचे २३ सिनेमे संपले होते. मग मालिका सुरू झाल्या, आणि माझे हालही.

भाचा अकरा वर्षांचा. रेघांची वही घेऊन बसतो. डावीकडे साल, उजवीकडे काय घडलं. मी त्याला सांगितलं होतं की ही सगळी मिळून एकच गोष्ट आहे. तो ते खरं धरून चालला होता.

पहिला घोटाळा स्पायडर-मॅनच्या 'होमकमिंग'ला झाला. सुरुवातीला २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मधल्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतरचा ढिगारा उपसणारी माणसं दिसतात आणि मग पाटी येते, 'आठ वर्षांनंतर'. पोराने २०१२ मध्ये ८ मिळवले, २०२० लिहिलं. पण त्याच सिनेमात पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, 'सिव्हिल वॉर' सिनेमातली मारामारी करून दोनच महिने झालेले असतात, आणि सिव्हिल वॉर २०१६ चं. पुढे अर्ध्या दुनियेची राख करणारा थेनॉस येतो २०१८ ला. म्हणजे २०१८ मध्ये राख झालेला मुलगा २०२० मध्ये शाळेत काय करतोय? त्याने खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं, शेवटी कागद फाटला. "मामा, ह्यांना बेरीज येत नाही काय?"

येत नाही, म्हटलं. तिथे चार वर्षं हवी होती. ती चूक झाल्याचं त्यांच्याच लोकांनी नंतर कबूल केलंय. सिव्हिल वॉरमध्येही तीच तऱ्हा. व्हिजन नावाचा यंत्रमानव म्हणतो, टोनी स्टार्कने स्वतःला आयर्न मॅन म्हणून जाहीर केल्याला आठ वर्षं झाली. पण 'आयर्न मॅन २' त्या जाहीर करण्यानंतर सहाच महिन्यांनी घडतो, आणि तो, थॉर आणि हल्क एकाच आठवड्यातले, अ‍ॅव्हेंजर्सच्या आदल्या वर्षीचे, असा त्यांचा स्वतःचा हिशेब. मग आठ कुठून आली? सिनेमा २००८ ला लागला म्हणून.

असल्या चुका मला टोचत नाहीत. माझ्या आजीला स्वतःच्या लग्नाचं साल कधी नीट सांगता आलं नाही, पण लग्नात कोण रुसलं होतं ते मरेपर्यंत पाठ होतं. गोष्ट तशीच लक्षात राहते.

मला टोचलं ते 'इटर्नल्स'चं. पृथ्वीच्या पोटातून टायामट नावाचा अवाढव्य देव जन्माला येऊ लागतो. डोकं आणि हात समुद्रातून वर येतात आणि तिथेच दगड होऊन राहतात. समुद्र कुठला? हिंदी महासागर! म्हणजे आपलाच की. नोव्हेंबर २०२१ चा सिनेमा. त्यानंतर न्यूयॉर्क, वाकांडा, लंडन सगळीकडे गोष्टी घडल्या, पण समुद्रात डोंगराएवढं डोकं उभं आहे याची कुणाला दखल नाही. 'शी-हल्क'मध्ये एका बातमीच्या मथळ्यात ओझरता उल्लेख, बस्स. मिरामारला लाट आली नाही, की मासळीचा दर चढला नाही. थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या कॅप्टन अमेरिकाच्या सिनेमात त्या डोक्यावरून देशादेशांत भांडण लागलं. सव्वातीन वर्षांनी! भाचा तोवर ते विसरूनही गेला होता. वहीत मागे जाऊन शोधलं, तेव्हा "हां, तो!" म्हणाला.

चतुर्थीला आमच्याकडे स्यमंतक मण्याची कथा वाचतात. चंद्र बघितला म्हणून कृष्णावर चोरीचा आळ, मण्यासाठी प्रसेन मेला, त्याला मारणारा सिंह मेला, मणी जांबवंताकडे, मग अठ्ठावीस दिवस युद्ध. भाचा म्हणाला, "हा थेनॉसच्या मण्यांपैकीच, इन्फिनिटी स्टोनच." हसलो. पण मग डोक्यात भुंगा शिरला. पुराणात तारखा नसतात, तरी गोंधळ का वाटत नाही? मला वाटतं, शापामुळे. परशुरामाने कर्णाला शाप दिला की ऐनवेळी विद्या आठवणार नाही. ती हुंडी आहे. मध्ये शंभर उपकथा येऊ देत, ऐकणाऱ्याला माहीत असतं की ही हुंडी वटणार. आणि कर्णपर्वात वटते. मार्वलने पहिली दहा-अकरा वर्षं हुंड्या वटवल्या. नंतर नुसत्या फाडत सुटले.

तुमच्या यादीत कुठल्या न वटलेल्या हुंड्या आहेत?

---

डिचोलीकर

+१. टायामटवरून माझंही डोकं फिरलं होतं. होमकमिंगबद्दल थोडी भर. २०२३ मध्ये मार्वलने अधिकृत कालक्रमाचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात ती गोष्ट गुपचूप २०१६ मध्ये नेऊन बसवली आहे. पडद्यावर पाटी मात्र अजून आठच वर्षं सांगते. तलाठ्याने सातबारा दुरुस्त केला, कुंपण आहे तिथेच.

थॉरमधला हातमोजा आठवतो का? २०११ मध्ये थॉरच्या बापाच्या, ओडिनच्या खजिन्यात ते सगळे मणी बसवायचा इन्फिनिटी गॉन्टलेट चक्क मांडून ठेवलेला दिसतो. चाहत्यांसाठी गंमत म्हणून ठेवला असणार. नंतर थेनॉसकडेही तो आला. मग सहा वर्षांनी 'रॅग्नारॉक'मध्ये थॉरची बहीण हेला तो ढकलून देते आणि खोटा म्हणते. एका शब्दात काम झालं. मला असली रफू फार आवडते.

---

बायनाची लाट

मामा, तुमचा मुद्दा बरोबर, पण रोग २०२१ चा नाही. तो २०१३ चा आहे. तेव्हाच्या मालिका बघितल्यात का? 'एजंट्स ऑफ शील्ड'? नसेल तर भाच्याला एवढ्यात दाखवू नका, वही संपेल.

२०१२ च्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये खलनायक लोकी शील्ड या गुप्तहेर संस्थेच्या कोलसनला मारतो. त्याच्या मरणावर ती सहाजणांची टोळी एकत्र येते, म्हणजे सिनेमाचा कणाच तो. सप्टेंबर २०१३ मध्ये एबीसीवर मालिका सुरू झाली आणि कोलसन त्यात जिवंत. कसा, त्याचा खुलासा मालिकेने चांगला केला. त्याच्या आठवणीच खोट्या पेरलेल्या, आणि ते कळल्यावर त्याची होणारी घालमेल हाच पहिल्या वर्षाचा जीव. पण सिनेमातल्या थॉरला, स्टार्कला, कॅपला ते कधीच कळलं नाही. ज्याच्या मरणाने तुम्ही एकत्र आलात तो माणूस दर आठवड्याला टीव्हीवर फिरतोय आणि तुम्हाला पत्ता नाही!

एप्रिल २०१४ मध्ये 'विंटर सोल्जर' आला, शील्ड आतून हायड्रा या शत्रू संघटनेने पोखरलेली निघाली. त्याच आठवड्यात मालिकेचा भाग आला आणि मालिकेचं सगळं जगच उलथलं, चमूतला एक माणूसही फितूर निघाला. टीव्हीवर इतकं जुळून आलेलं मी दुसरं काही पाहिलं नाही. सोमवारी ऑफिसात आम्ही दोघंच ते बघणारे, चहा थंड व्हायचा बोलता बोलता.

पण रस्ता एकमार्गी होता. सिनेमाने हलवलं की मालिका हलायची. मालिकेने हाक मारली तर सिनेमाला ऐकू जात नसे. 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये शील्डचा जुना प्रमुख फ्युरी ते उडतं जहाज घेऊन येतो. ते कोलसनने कसं राखून ठेवलं होतं ते मालिकेने सांगितलं, सिनेमाने मात्र "जुने मित्र" एवढ्यावर भागवलं. २०१८ मध्ये पाचव्या पर्वाच्या शेवटी न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याची बातमी येते, थेनॉसचं नावही. मग सहावं पर्व एक वर्षानंतरचं आणि त्यात अर्धी माणसं गायब झाल्याचा मागमूस नाही! कारण ते पर्व लिहिताना 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' पडद्याआड होता. सात पर्वं, १३६ भाग, आणि ते त्या जगात घडले की नाही याचं सरळ उत्तर आजही मिळत नाही.

कारण कचेरीतलं आहे. मालिका बनवणारं मार्वल टेलिव्हिजन वेगळं, सिनेमा बनवणारं मार्वल स्टुडिओज वेगळं. २०१५ मध्ये केव्हिन फायगींचा स्टुडिओ मार्वलच्या न्यूयॉर्कच्या साहेबांकडून काढून थेट डिस्नेच्या स्टुडिओखाली नेला, तेव्हापासून दोन घरांत चूल वेगळी. 'इनह्युमन्स'चा आधी सिनेमा होणार होता. तो यादीतून निघाला आणि २०१७ मध्ये आठ भागांची मालिका झाली. तिच्याबद्दल जास्त न बोललेलं बरं. २०१९ च्या शेवटी टेलिव्हिजनवाल्यांचा विभागच स्टुडिओत विरघळला.

---

रोस ऑम्लेट

पॉपकॉर्न नाही, उंडो (पाव) घेऊन बसलो आहे. चालू द्या.

---

साखळीची सून

बायनाची लाट, तुमच्या प्रतिसादाने जखम उघडी केलीत. पण एक सांगू? आमच्या सासूबाई रोज तीन मराठी मालिका बघतात. सहा महिन्यांपूर्वी त्यातल्या एका सुनेचा चेहरा बदलला. एकदा "आजपासून ही भूमिका अमुक साकारेल" अशी पाटी आली आणि झालं. सासूबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ही बरी रडते." संपला विषय.

टोनी स्टार्कचा मित्र ऱ्होडी, त्याचं तसंच झालं की. २००८ ला टेरेन्स हॉवर्ड, २०१० ला डॉन चीडल. चीडल दारातून आत येतो तेव्हा, मीच आहे, आता पुढे चला अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. हल्क एडवर्ड नॉर्टनचा मार्क रफालो झाला. विल्यम हर्ट गेले, त्यांच्या जागी हॅरिसन फोर्ड आले. यात कुणाला काही खुपलं नाही. चेहरा बदलला तरी माणूस तोच राहिला तर चालतं.

खुपतं ते उलटं. चेहरा तोच, माणूस भलताच. ऱ्होडीचंच घ्या. २०२३ च्या 'सिक्रेट इन्व्हेजन'मध्ये कळतं की तो ऱ्होडी नाहीच, रूप बदलणारा परग्रहवासी स्क्रल आहे. आणि खरा सापडतो तो इस्पितळातल्या कपड्यात, पायांत बळ नसलेला. म्हणजे सिव्हिल वॉरमध्ये पाय जायबंदी झाले त्यानंतर केव्हातरी बदलला असा इशारा. मग एंडगेममध्ये टोनी मरताना त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला होता तो कोण? एवढी मोठी गोष्ट त्यांनी सहा भागांच्या मालिकेत टाकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'द मार्व्हल्स' आला, त्यात फ्युरी अंतराळात मजेत. जणू आदल्या उन्हाळ्यात काही घडलंच नाही. मामांची हुंडी मला इथे पटली.

---

हिशेबनीस

तुम्ही सगळे कलेचं बोलताय, मी वहीखात्याचं बोलतो. ११ वर्षांत २३ सिनेमे. आणि मग २०२१-२२ या दोन वर्षांत ७ सिनेमे, ८ मालिका, २ विशेष भाग. डिस्ने प्लस ही ओटीटी सेवा चालवायची होती, दुकानात माल हवा होता. एक माणूस २३ गोष्टी डोक्यात ठेवू शकतो. दोन वर्षांत सतरा, आणि त्या सतरा टोळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या शहरांत काम करताहेत, तर कोण कुणाला काय सांगणार? डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी स्वतःच नंतर म्हटलं की जास्त माल काढल्याने लक्ष विखुरलं.

त्यात कोविड. 'फाल्कन अँड विंटर सोल्जर' आधी यायची होती, तिच्या आधी 'वांडाव्हिजन' आली. डॉक्टर स्ट्रेंजचा दुसरा सिनेमा स्पायडर-मॅनच्या 'नो वे होम'च्या आधी ठरला होता, क्रम उलटला. मग स्पायडर-मॅनच्या पटकथेतून अमेरिका चावेझ या पात्राला काढून स्ट्रेंजचं काम नव्याने बसवावं लागलं. दरवाजा आधी बसवला, भिंत नंतर बांधली. फट राहणारच. खाणबंदीच्या वेळी ज्यांचे ट्रक उभे राहिले त्यांना विचारा, वेळापत्रक कोलमडलं की काय होतं.

---

पेडण्याचा पखवाज

मामा, कर्णाचा शाप वाचून बसल्या जागी मान हलवली. मी जत्रेच्या हंगामात दशावताराला साथ करतो, म्हणून चार शब्द.

आमच्याकडे लिहिलेलं नाटक नसतं. संध्याकाळी नाईक सांगतो, आज अमुक आख्यान, तू भीम, तू कीचक, एवढंच. बाकी सगळं रंगमंचावर तोंडातून येईल ते. मागून सांगणारा कुणी नाही. एकदा एका नव्या पोराने राजाच्या रागात मुलाला "तुझे तोंड पुन्हा पाहणार नाही" असं बोलून टाकलं. कथेत तसं नव्हतं. पुढच्या प्रवेशात बाप-लेक समोरासमोर यायलाच हवेत. आता? राजा झालेला म्हातारा नट बाकड्यावर पाठ फिरवून बसला आणि अख्खा प्रवेश मुलाशी पाठमोरा बोलला. शेवटी मुलगा मूर्च्छित पडतो तेव्हा वळला. प्रेक्षकांत बायका रडत होत्या. चुकून सुटलेल्या वाक्याचा त्या रात्रीचा सगळ्यात मोठा प्रसंग झाला.

मला मार्वलचं फार कळत नाही, पोरं लावतात तेवढं. पण एवढं कळतं की बोललेला शब्द उचलायला समोरचा नट जागा हवा. तुमच्याकडे वाटतं समोरचा नट दुसऱ्याच गावच्या जत्रेत आहे.

---

बायनाची लाट

@पेडण्याचा पखवाज, _/\_ . पाठमोरा राजा कायम लक्षात राहील. यालाच म्हणतात कंटिन्युइटी, नाहीतर तारखा काय कॅलेंडरवाला पण लिहितो.

---

मांडवीकाठ

सगळे एका सुरात आरती म्हणताहेत, तर थोडा बेसूर लावतो. हलके घ्या.

मामा म्हणतात पुराणात गोंधळ वाटत नाही. वाटत नाही कारण आपण लहानपणापासून त्यावर प्रश्न विचारत नाही! कार्तिकेय आपल्याकडे ब्रह्मचारी, तामिळनाडूत त्याच्या दोन बायका. गणपती कुठे थोरला, कुठे धाकटा. गणपतीच्या दातांच्या कथा किती आहेत ते मोजा. परशुराम सीतेच्या स्वयंवरात, भीष्माशी लढायला, कर्णाला शिकवायला, आणि वेळ काढून बाण मारून आपला गोवा समुद्रातून काढायला. त्याला चिरंजीव ठरवून टाकलं की झालं. ही हेलाने हातमोजा खोटा म्हटला तसलीच रफू आहे. मार्वलची समांतर विश्वं, मल्टिव्हर्स म्हणजे आणखी काय, 'हे दुसऱ्या कल्पातलं' असं कीर्तनकार म्हणतात तेच.

आणि मार्वलने परिणाम दाखवलेच नाहीत, हे खोटं आहे. अर्धी दुनिया पाच वर्षांनी परत आल्यावर घरं कुणाची, नोकऱ्या कुणाच्या, हा सगळा घोळ 'फाल्कन अँड विंटर सोल्जर'चा पायाच आहे. 'वांडाव्हिजन'मध्ये मोनिका इस्पितळात परत प्रकटते, आईचा पलंग रिकामा, आणि आई मध्येच गेलेली. तो एक प्रसंग बाकी सगळ्या फेज फोरपेक्षा (२०२१-२२ च्या सिनेमा-मालिकांपेक्षा) भारी. इटर्नल्समध्येही टायामटचा जन्म का होतोय? माणसं एकदम परत आल्याने लागणारी ऊर्जा मिळाली म्हणून. हुंडी वटवलीच ना.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती तुमच्या लाडक्या एंडगेमबद्दल. २०१९ च्या एप्रिलमध्ये पणजीच्या आयनॉक्समध्ये बघितला, शिट्ट्या मी पण मारल्या. पण घरी जाताना पाटो पुलावर विचार आला. हल्क समजावतो की भूतकाळात जाऊन काही बदललं तरी तुमचा वर्तमान बदलत नाही, वेगळी फांदी फुटते. मग भूतकाळात राहून म्हातारा झालेला कॅप्टन अमेरिका स्टीव्ह आपल्याच जगातल्या बाकावर कसा बसलेला? पटकथाकार मार्कस आणि मॅकफीली म्हणतात तो प्रेयसी पेगीबरोबर याच काळात गुपचूप जगला. दिग्दर्शक रुसो बंधू म्हणतात दुसऱ्या फांदीवर जगून परत आला. लिहिणारा आणि दाखवणारा यांचंच एकमत नाही! आणि ही चूक कुठल्या कोपऱ्यातल्या मालिकेत नाही, अकरा वर्षांच्या इमारतीच्या कळसावर आहे.

---

तिस्कावरचा मामा

@मांडवीकाठ, मोनिकाचा प्रसंग मान्य. भाचा तेव्हा उठून पाणी प्यायला गेला, दहा मिनिटं परत आला नाही. मीही हाक मारली नाही.

कार्तिकेयाचंही मान्य. पण दोन गावांत दोन कथा असणं आणि एकाच कीर्तनात बुवांनी पूर्वरंगात सांगितलेलं उत्तररंगात विसरणं, यात फरक आहे की नाही? कार्तिकेयाचं लग्न झालं की नाही हे मला एकाच रात्री दोन्ही सांगत नाहीत. तिकीट एकच, बुवा एकच, तेव्हा जाब विचारणारच.

स्टीव्हच्या बाकाबद्दल मी पास. तिथे मला नियम नकोच होता, नाच हवा होता. तो मिळाला. यावर भाचा माझ्याशी सहमत नाही.

---

साखळीची सून

वांडाचं कुणीच काढलं नाही अजून? बायनाची लाट, तुम्ही आधी सांगा. 'वांडाव्हिजन'च्या शेवटी ती जादूने उभ्या केलेल्या पोरांना झोपवते, नवऱ्याचा, व्हिजनचा निरोप घेते, आपल्या हाताने ते घर मिटवते. नऊ भाग दुःखाशी भांडून ती तिथवर पोचली. आणि डॉक्टर स्ट्रेंजच्या 'मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस'मध्ये तीच पोरांसाठी जग जाळायला निघते. मग ते नऊ भाग कशाला?

---

बायनाची लाट

@साखळीची सून, शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीनंतर ती डोंगरातल्या झोपडीत डार्कहोल्ड हे काळ्या जादूचं पुस्तक वाचत बसलेली दिसते आणि पोरांचे आवाज ऐकू येतात. म्हणजे खुंटी ठोकलेली होती. पण सिनेमात त्या पुस्तकाने तिला कसं गिळलं ते दाखवायला हवं होतं, ते दोन वाक्यांत उरकलं. दिग्दर्शक सॅम रेमी यांनीच मुलाखतीत सांगितलं होतं की त्यांनी ती मालिका पूर्ण पाहिली नव्हती, मोजके प्रसंग पाहिले. झालं! पाठमोरा राजा कुठून येणार?

अवांतर: डार्कहोल्ड 'एजंट्स ऑफ शील्ड'च्या चौथ्या पर्वात आधीच येऊन गेलं होतं. पुस्तक वेगळंच दिसायचं. सवयीने मी टीव्हीवर ओरडलो.

त्याच मालिकेतला, मेलेल्या व्हिजनच्या शरीरातून बनवलेला पांढरा व्हिजन मात्र खरी थकलेली हुंडी. मार्च २०२१ मध्ये सगळ्या आठवणी परत मिळवून उडून गेला. त्यानंतर वांडा मेली, तरी हा कुठल्या सिनेमात फिरकला नाही.

---

डिचोलीकर

मार्वल स्टुडिओजला एवढं धुताय, तर शेजारच्या फॉक्सच्या एक्स-मेनकडे बघा म्हणजे हे बरे वाटतील. २०११ च्या 'फर्स्ट क्लास'मध्ये १९६२ ला प्रोफेसर झेवियरचे पाय जातात. २००६ च्या 'लास्ट स्टँड'मध्ये वीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगात तोच मॅग्नेटोबरोबर आरामात चालत येतो. २००९ च्या वुल्व्हरिनमध्येही चालतो. मग २०१४ ला 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' काढून इतिहासच धुवून टाकला. तरीही वुल्व्हरिनचा २०१७ चा 'लोगन' बघताना मला यातलं काहीही आठवलं नाही. घळाघळा रडलो. का, ते सांगता येत नाही. मामांच्या हुंडीने ते सुटत नाही.

---

मांडवीकाठ

@डिचोलीकर, सुटतं. लोगनची हुंडी त्याच्या अंगातच होती. न मरणारा माणूस. कधीतरी मरणार, ते बघायला आपण सतरा वर्षं थांबलो होतो. (अरे, मी मामांच्याच बाजूने बोललो काय?)

---

रोस ऑम्लेट

बोललास. उंडो संपला, दुसरो हाडटां.

---

हिशेबनीस

कँगचा विषय राहिला. लोकी मालिका, तिसरा अँट-मॅन, सगळी उभारणी त्या खलनायकाभोवती. डिसेंबर २०२३ मध्ये कँग साकारणारा जोनाथन मेजर्स कोर्टात दोषी ठरला, मार्वलने त्याला काढला. पुढच्या अ‍ॅव्हेंजर्सच्या नावातच कँग होता, तेही बदललं. जुलै २०२४ मध्ये टोनी स्टार्क साकारलेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर मुखवटा काढून स्टेजवर उभा राहिला, आता तो नवा खलनायक, डॉक्टर डूम. इथे लेखकाचा दोष काढू नका. नट आजारी पडला तर दशावतारात काय करता हो पखवाजबाब?

---

पेडण्याचा पखवाज

दुसरा उभा राहतो. पण आधीचा रावण आणि आताचा रावण एकच, हे लोकांना मुकुटावरून कळतं. मुकुट बदलू नये.

---

साखळीची सून

आणि इथे तर मुकुट दुसरा, चेहरा टोनी स्टार्कचा! आता पीटरने त्याला बघून काय करायचं? रडायचं की जाळं फेकायचं? हे त्यांनी दाखवलं नाही तर मी भाच्याची वही मागून घेऊन त्यांना कुरियर करणार आहे.

---

बायनाची लाट

न्याय म्हणून एक चांगलंही लिहितो. एंडगेममध्ये १९७० च्या प्रसंगात टोनीच्या बापाच्या, हॉवर्ड स्टार्कच्या गाडीशेजारी त्याचा नोकर जार्विस उभा असतो ना, तो 'एजंट कार्टर' मालिकेतलाच जेम्स डार्सी. मालिकेत जन्मलेलं पात्र सिनेमात दिसण्याची ती पहिलीच वेळ. दोन वाक्यंही नाहीत त्याला. पण मी थिएटरात एकटाच टाळ्या वाजवत होतो, शेजारची बाय वळून बघायला लागली. नंतर चार्ली कॉक्सचा डेअरडेव्हिल 'नो वे होम'मध्ये वीट झेलतो तेव्हा सगळं थिएटर ओरडलं. नेटफ्लिक्सवाल्या त्या मालिका २०२४ च्या सुरुवातीला डिस्ने प्लसच्या अधिकृत क्रमवारीत घेतल्या. कोलसन अजून दाराबाहेर.

---

डिचोलीकर

मामा, भाच्याच्या वहीत आता किती हुंड्या थकल्यात? यादी टाका की.

---

तिस्कावरचा मामा

वही बहिणीच्या घरी गेली, चतुर्थीनंतर शाळा सुरू झाली. पण शेवटच्या पानाचा फोटो आहे माझ्याकडे. त्यात "बाकी" असं लिहून खाली: पांढरा व्हिजन. खरा ऱ्होडी कधीपासून. शँग-चीच्या अंगठ्या कुणाला हाका मारतात. इटर्नल्सना तो लाल देव घेऊन गेला ते कुठे आहेत. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेनाने: कोलसनला कोणी सांगितलं का. ती ओळ मी लिहिलेली नाही. माझ्या नकळत याने 'एजंट्स ऑफ शील्ड' बघायला सुरुवात केली आहे. कुठल्या मोबाइलवर, ते बहिणीला कळू नये.

@पेडण्याचा पखवाज, यंदा तुमच्या गावची जत्रा कधी? त्याला पाठमोऱ्या राजाची गोष्ट सांगितली, आता दशावतार बघायचाच म्हणतोय.

---

पेडण्याचा पखवाज

तारीख व्यक्तिगत निरोपात कळवतो. रात्री अकराच्या आधी येऊ नका, पण संकासुर चुकवू नका. पोरांना तोच आवडतो. पुढे बसायला चटई आणा, पहाटे दहीकाला फुटेपर्यंत थंडी वाजते.

---

तिस्कावरचा मामा

येतो. पण आताच सांगून ठेवतो, तो वही आणणार. आणि आदल्या रात्री शेजारच्या गावात विष्णूने मारलेला संकासुर तुमच्या गावात परत कसा आला, हे तुम्हालाच विचारणार.